बंड्या, सात कोंबड्या आणि रांगोळीतली पाच बोटं : धायरीतल्या एका घराचं प्रकरण

मी पुण्यात पाळीव प्राण्यांवर उपचार करते. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा साधं वाटलं होतं, आणि साधं वाटल्यामुळेच मी त्यात चुकले. घरातल्या सर्वांच्या परवानगीने लिहीत आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत, प्राण्यांची बदलली आहेत.

पार्श्वभूमी

धायरीत डोंगराच्या अंगाला अजून काही बैठी घरं शिल्लक आहेत. हे त्यांपैकीच एक. मागे सुमारे दीड गुंठ्याचा परस, त्यात पेरू, शेवगा, दोन पपया आणि कंपाउंडच्या पलीकडे एक मोठं जांभूळ. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि आठवीतली नात. आजींचं माहेर भोरकडचं. कोंबड्यांच्या मागे धावतच त्यांचं लहानपण गेलं. वैशाखात नातीला सुट्टी लागली आणि आजींनी हट्टाने सात कोंबड्या आणि एक कोंबडा आणवला. पाच गावरान, दोन कावेरी जातीच्या.

खुराडं गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने बनवून दिलं होतं. लोखंडी अँगलची चौकट, षटकोनी भोकांची कोंबडी जाळी, वर सिमेंटचा पन्हाळी पत्रा. हवा खेळावी म्हणून पत्रा आणि जाळी यांच्यात चार बोटांची फट ठेवलेली. खाली शहाबादी फरशी. दिवसभर कोंबड्या परसात मोकळ्या, तिन्हीसांजेला आत.

बंड्या आधीच्या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून गेटखालून आत शिरला होता आणि तिथेच राहिला. गावठी कुत्रा, तांबूस, कान उभे. प्रकरण सुरू झालं तेव्हा साधारण दहा महिन्यांचा. कोंबड्या आल्यापासून तो परसाच्या जाळीच्या दारापाशी बसून त्यांच्याकडे टक लावून बघत असे. घरच्यांना ते कौतुकाचं वाटायचं. "राखण करतोय बघा," असं आजी म्हणायच्या. मान ताठ, तोंड मिटलेलं, शेपूट स्थिर आणि नजर हलत्या कोंबडीवर खिळलेली असेल, तर तो कुत्रा राखण करत नसतो. शिकारीची ती पहिली पायरी असते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लस द्यायला बंड्याला माझ्याकडे आणलं होतं, तेव्हा घरात कोंबड्या आहेत का, हे मीही विचारलं नव्हतं.

पहिली घटना

आषाढातला रविवार. पाऊस थांबला म्हणून कोंबड्या बाहेर सोडल्या होत्या. परसाच्या दाराची कडी नीट बसली नाही. नात सांगते, एक कोंबडी पंख फडफडवत दगडावर चढली आणि बंड्या सुटला. मिनिटभरात एक कावेरी मेली आणि एका गावरान कोंबडीच्या पाठीचं कातडं तळहाताएवढं सोललं गेलं. मेलेली कोंबडी त्याने खाल्ली नाही. झटके दिले, खाली टाकली, पुन्हा उचलली. परसभर पिसं, आणि कोंबडी लाळेने चिंब.

जखमी कोंबडीला त्यांनी डाल्यात घालून आणलं. आजींनी हळद भरली होती. जखम आधी सलाइनने धुऊन मेलेलं कातडं कापावं लागलं, मग औषध. कोंबडी वाचली. पावसाळ्यात अशा जखमेत दोन दिवसांत अळ्या होतात आणि कळपातल्या बाकीच्या कोंबड्या लाल दिसेल तिथे टोचतात, म्हणून तिला तीन आठवडे घरात वेगळं डाल्याखाली ठेवायला सांगितलं. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही काही दिवस तिची अंडी खायची नाहीत, हेही सांगितलं.

बंड्याबद्दल मी फक्त एवढंच म्हणाले, "सध्या बांधून ठेवा."

ते अर्धवट वाक्य मला पुढे महागात पडलं. किती वेळ, कुठे, किती लांब दोरीने, यातलं काहीच मी बोलले नाही. त्यांनी चार फुटी साखळीने त्याला शेवग्याला बांधला. तिथून कोंबड्या समोरच दिसत. अकरा दिवस तो समोर फिरणाऱ्या कोंबड्यांकडे बघून साखळीला हिसके देत राहिला. गळ्याखालचे केस गेले, कातडी लाल झाली. बांधलेल्या कुत्र्यासमोर भक्ष्य फिरत राहिलं की त्याचं वेड कमी होत नाही, वाढतं. आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही सांगतो की प्राण्याला अवाजवी आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. घरच्यांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

दुसरी घटना आणि माझा निकाल

श्रावण लागला. घरात अंडी खाणं बंद. रोजची तीन-चार अंडी कोणी उचलेना, ती घरट्यातच साठू लागली. परिणामी दोन कोंबड्या खुडूक झाल्या, म्हणजे अंडी उबवायला घरट्यात बसून राहू लागल्या. त्यांतली एक तर संध्याकाळीही उठेचना, रात्रंदिवस घरट्यात. घरटं होतं खुराड्याच्या कोपऱ्यात, वरच्या फळीवर, पत्र्याच्या फटीपासून हातभर खाली.

रात्री बंड्याला मोकळा सोडायचे, चोराचिलटाची भीती म्हणून. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सुनेने दार उघडलं तर खुडूक कोंबडी मेलेली आणि बंड्या खुराड्याला नाक लावून उभा. नाकपुडीवर पीस चिकटलेलं.

सुनेने मला फोन केला, फोटो पाठवला. मी दोन पेशंटच्या मध्ये होते. फोटोत कोंबडी आणि मागे कुत्रा दिसला आणि मी म्हणाले, "एकदा मारली आहे, आता पुन्हा मारणारच. दोघांपैकी एकाला दुसरं घर बघा."

तोच फोटो मी दहा दिवसांनी मोठा करून पाहिला. कोंबडीला डोकं नव्हतं. मान मुळापासून खाल्लेली. बाकी अंग जवळजवळ कोरडं, पिसं जागच्या जागी. आणि खुराड्याच्या दाराला बाहेरून कडी लावलेली. पहिल्या घटनेशी यातलं काहीही जुळत नव्हतं. बंद कडीच्या आत कुत्रा गेला कसा, हा प्रश्न शाळेतल्या मुलालाही पडला असता. मला पडला नाही, कारण गुन्हेगार आधीच ठरलेला होता. कोंबडी तोवर शेवग्याखाली पुरलीही होती.

समोर असलेले पर्याय

त्या शनिवारी घरात बैठक झाली, मीही गेले. मुलाचं म्हणणं होतं की कुत्रा द्यावा. शेजारच्या काकांनी सुचवलं की मेलेली कोंबडी त्याच्या तोंडावर चार वेळा मारा, जन्माची अद्दल घडेल. याला मी ठाम नाही म्हणाले. मार खाल्लेला कुत्रा कोंबडी सोडत नाही, माणसासमोर मारायचं सोडतो. वर घरातल्या मुलीच्या हाताला घाबरू लागतो, ते वेगळंच. त्यांचं दुसरं म्हणणं होतं, "रक्ताची चटक लागली, आता सुटायची नाही." हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. कुत्रा कोंबडीवर झेप घेतो तो रक्तासाठी नाही, तिच्या फडफडीमुळे. चटक लागतेच, पण पाठलागाची. पाठलागाची संधीच मिळाली नाही तर ती ओढ आटोक्यात ठेवता येते.

सुनेला कोंबड्या द्यायच्या होत्या. तिचा मुद्दा खरा होता. घाण, वास, आरवणं, सगळं तिच्याच माथी येत होतं. नसबंदी केली तर शांत होईल का, असंही तिने विचारलं. नसबंदी इतर कारणांसाठी जरूर करावी, पण शिकारीची ओढ त्याने जात नाही.

उरला होता तो पर्याय म्हणजे दोघांची जागा पक्की वेगळी करायची. हा खर्चाचा, मेहनतीचा आणि कोणालाच लगेच समाधान न देणारा. त्या दिवशी मी तो नीट मांडलाच नाही. माझा निकाल आधीच लागला होता आणि घरच्यांनी तो मानला. सासवडच्या बाजूला मुलाच्या मावसभावाची अंजिराची बाग आहे, तिथे बंड्याला सोडून आले. नात दोन दिवस जेवली नाही.

तिसरी घटना

बंड्या गेल्यानंतर चौथ्या रात्री आणखी एक कोंबडी मेली. तशीच. डोकं नाही, दाराला कडी.

या वेळी फोन आजींचा होता. "डॉक्टरबाई, कुत्रा सासवडला आणि कोंबडी इथं मेली. आता काय म्हणता?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी गाडी काढली.

या खेपेला कोंबडी पुरू दिली नव्हती. मानेच्या मुळाशी दातांच्या बारीक खुणा होत्या, दोन सुळ्यांमधलं अंतर कुत्र्याच्या जबड्यापेक्षा खूप कमी. पत्र्याच्या कडेला, त्या चार बोटांच्या फटीत, राखाडी-काळे राठ केस अडकले होते. फटीतून आत येणारं जनावर होतं, पण अख्खी कोंबडी ओढून नेणं त्याला जमलं नव्हतं. जेवढं जागेवर खाता आलं तेवढं खाऊन ते गेलं होतं.

परसात येणारं म्हणजे मुंगूस, असं सर्वांना वाटलं. पण मुंगूस दिवसा फिरतं आणि दोन्ही कोंबड्या रात्रीत मेल्या होत्या. बोका म्हणावा, तर गावरान कोंबडीला सहसा जमेल असा तो नाही, तरी शक्यता होती. खात्री करायला नातीनेच युक्ती काढली. दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी तिने चाळून, वळचणीखालच्या कोरड्या शहाबादी फरशीवर पातळ पसरली. कोंबड्या त्या रात्रीपुरत्या न्हाणीघरात.

सकाळी साडेसहाला तिने पाठवलेला फोटो माझ्याकडे अजून आहे. कटिंग चहाच्या ग्लासाच्या तळाएवढे ठसे, एकामागे एक, खुराड्याच्या कोपऱ्यातल्या खांबापर्यंत. प्रत्येकात पाच बोटं. कुत्र्याच्या आणि मांजराच्या ठशात चारच बोटं उमटतात. पाचवं बोट, रात्रीची वेळ, खांबावरून चढणं, फटीतले केस, कंपाउंडपलीकडचं जांभूळ हे सगळं एकत्र धरलं की उत्तर एकच, उदमांजर. पुण्यात ते अगदी पेठांतल्या वाड्यांच्या माळ्यावरही सापडतं. फळं खातं, उंदीर खातं आणि मिळालं तर घरट्यातून न उठणारी खुडूक कोंबडी.

पिंजरा लावून पकडू का, असं मुलाने विचारलं. उदमांजराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, ते पकडणं किंवा मारणं बेकायदा. घरात अडकलं, जखमी झालं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवायचं. इथे तर त्याची गरजच नव्हती. फट आमची होती.

केलेली कामं

आधी खुराडं. मुलगा आणि मी बोहरी आळीत जाऊन अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली पक्की जाळी, आणली. कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते, बाहेरच्याला अडवायला ती कुचकामी. पातळ तार दातांनी तुटते. पत्र्याखालची फट हवा खेळती ठेवून वेल्डमेशने बंद केली, तार गुंडाळून नाही, पट्टी आणि नटबोल्ट लावून. फरशी जिथे संपते तिथून बाहेरच्या बाजूला फूटभर रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, ते तिथे अडतं. घरटी वरच्या फळीवरून काढून मधोमध आणली. अंडी रोज संध्याकाळी उचलायची, खायची नसली तरी. शेजारी श्रावण न पाळणारं एक घर होतं, तिकडे जाऊ लागली.

मग परस. एक तृतीयांश भाग कोंबड्यांचा, पाच फुटी जाळी लावून. आणि दोन दारं, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आषाढात घोटाळा एका कडीचा झाला होता, आता दोन कड्या एकाच वेळी विसराव्या लागतील. जाळीच्या खालच्या दोन फुटांना शेडनेट लावलं. बंड्याला कोंबड्यांचे पाय धावताना दिसू नयेत, एवढ्यासाठी. सगळा खर्च नऊ हजारांच्या आत.

बंड्याला परत आणायचं की नाही, यावर सून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने अट घातली की पहिली कोंबडी त्याने मारली होती हे कोणी विसरायचं नाही. अट अगदी योग्य होती. उदमांजर सापडलं म्हणून बंड्या निर्दोष ठरत नव्हता. एका कोंबडीपुरता तरी तो दोषी होताच. दुसरी त्याच्या नावावर चुकीने चढली होती, एवढंच.

तो आला तेव्हा वाळला होता, कानांत गोचिडांचा थर. ते निस्तरून मग सराव सुरू केला. पहिला प्रश्न अंतराचा. कोंबड्या किती लांब असल्या म्हणजे त्यांना बघूनही तो हाकेला मान वळवतो? पहिल्या दिवशी ते अंतर घराच्या पुढच्या गेटाएवढं निघालं, जवळजवळ पंधरा पावलं. तिथून सुरुवात. पाच मीटरची दोरी, नात उभी, खिशात पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. (श्रावणात घरात कलेजी शिजणार नव्हती आणि पनीरवर त्याचा जीव.) बंड्याने कोंबडीकडे बघून स्वतःहून नजर काढली की लगेच तुकडा. टक लागली आणि तोंड मिटलं, तर न ओरडता दोन पावलं मागे. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. त्याआधी वीस मिनिटं कॅनॉलच्या कडेने भरभर चालणं, कारण अंगात जोर साठलेला असताना कुत्रा शिकत नाही.

एका गोष्टीवर मी पहिल्या दिवसापासून अडून राहिले. दोघांची दोस्ती करायची नाही. कुत्र्याच्या पाठीवर कोंबडी बसलेले व्हिडिओ नातीने मला दाखवले. असे कुत्रे असतात, पण बहुतेक लहानपणापासून कोंबड्यांत वाढलेले. मारून झालेल्या, दहा महिन्यांच्या कुत्र्याकडून ती अपेक्षा ठेवणं म्हणजे कोंबडीचा जीव पणाला लावणं.

परिणाम

दोन महिन्यांनी पंधरा पावलांची चार झाली. दसऱ्यापर्यंत बंड्या शेडनेटच्या बाजूला पाय पसरून झोपू लागला. दोन दारांच्या नियमाची परीक्षा एकदा झाली. कार्तिकात आतलं दार पाहुण्यांच्या मुलाने उघडं टाकलं. बंड्या आला, बाहेरच्या दारापाशी थांबला, टक लागली. शिक्षण त्याक्षणी कमी पडलं असतं, असं नात प्रामाणिकपणे सांगते. कडी कमी पडली नाही.

खुराड्यात त्यानंतर एकही कोंबडी दगावली नाही. चार कोंबड्या, एक कोंबडा. पाठ सोललेली गावरान मार्गशीर्षात पुन्हा खुडूक झाली. आजींनी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं. सातव्या दिवशी मी मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरच्या लासोटा लसीचा एकेक थेंब त्यांच्या डोळ्यात घातला. तिच्या पाठीवर जिथे जखम होती तिथे पिसं आली आहेत, पण उलटी, मानेकडे तोंड करून.

वेगळं काय करता आलं असतं

"बांधून ठेवा" म्हणताना मी पुढचं सांगायला हवं होतं. कोंबड्या दिसणार नाहीत अशा जागी, लांब दोरीने, दिवसातून दोनदा फिरवून. आणि हा तात्पुरता इलाज असल्याने जाळीचं काम किती दिवसांत करायचं, याची तारीख. तारीख ठरली असती तर तेव्हाच कोणीतरी खुराडं नीट तपासलं असतं आणि ती फट आषाढातच दिसली असती.

फोटो आला तेव्हा तीन प्रश्न पुरेसे होते. दाराची कडी लावलेली होती का? डोकं आहे का? पिसं किती लांब उडालीत? आता माझ्याकडे कोंबडी मेल्याचा फोन आला की मी आधी हेच विचारते आणि पुरू नका, पिशवीत घालून थंड जागी ठेवा म्हणते. रोगाचा संशय असेल तर तीच कोंबडी औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासणीला पाठवता येते.

आणि बंड्याच्या रेबीज लसीची तारीख. ती गेलेली होती. रात्री उदमांजर येणाऱ्या परसात, मोकळा सोडलेला कुत्रा, लस चुकलेली. कोंबड्यांच्या नादात घरच्यांचं लक्ष त्याकडे गेलं नव्हतं, माझंही नाही. तो सासवडहून आला त्या दिवशी मी ती दिली.

रात्री त्याला परसात मोकळा सोडणं आम्ही बंद केलं. तो आता पुढच्या ओसरीत झोपतो.

सध्या

रांगोळीचा डबा अजून खुराड्यापाशीच असतो. नात दर शनिवारी रात्री फरशीवर चाळणी फिरवते आणि सकाळी फोटो पाठवते. गेल्या आठवड्यातल्या फोटोत पाच बोटांचे ठसे आहेत. कोपऱ्यातल्या खांबापर्यंत आलेले, तिथे थोडे गिचमिड झालेले, मग परत फिरून पपईच्या बुंध्याकडे गेलेले. खाली अर्धी खाल्लेली पपई पडली आहे. आजी म्हणाल्या, खाऊ दे, दोन पपया त्याच्या.